उन्हाळ्यात वाळलेलं प्रिंटरचं हेड

मे महिन्याच्या शेवटी आमच्याकडे वादळ आलं, तेव्हा प्रिंटरमधून एक सातबारा अर्धा बाहेर आलेला होता. लाइन गेली, कागद तिथंच थांबला. गावाबाहेरचे खांब आडवे झाले होते, त्यामुळं लाइन लवकर येणार नाही हे सगळ्यांनाच कळलं होतं. शेवटी आली तेव्हा मी अडकलेला कागद काढला, पुन्हा प्रिंट दिली, आणि जे बाहेर आलं ते बघून पोटात गोळा आला. मधूनमधून पांढऱ्या पट्ट्या. गट नंबर दिसतो तर क्षेत्र दिसत नाही, खातेदाराच्या नावाचा खालचा निम्मा भाग गायब, तळाचा पडताळणी क्रमांक तर वाचताच येईना.

"ताई, बँकवाला हे नाई घेणार वो," समोर बसलेले काकाजी म्हणाले. खरंच होतं त्यांचं.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात, घराच्या समोरच्या खोलीत ऑनलाइन अर्ज भरून देते आणि प्रिंट काढून देते. मे-जून हा माझा हंगाम. खरिपाच्या पीककर्जासाठी सातबारा आणि आठ-अ, पोरांचे उत्पन्नाचे दाखले, बारावीनंतरचे प्रवेश अर्ज, सगळं याच दिवसांत. गावातून तालुक्याला फक्त एका कागदासाठी जायचं म्हणजे माणसाचा अख्खा दिवस मोडतो, आणि पेरणीच्या तोंडावर तो दिवस कुणालाच परवडत नाही. त्यामुळं माझा प्रिंटर बंद पडणं ही माझ्या एकटीची अडचण नसते.

अमरावतीच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्यानं फोनवरच सांगून टाकलं, हेड (कागदावर शाई फेकणारा भाग) गेलं, बदलावं लागते. खर्च सांगितला तो नव्या प्रिंटरच्या निम्म्याच्या वर. मला ते पटेना. वादळाच्या आधीच्या मिनिटापर्यंत जे हेड स्वच्छ छापत होतं, ते नुसतं पडून राहून मरतं कसं? वॉरंटी कधीच संपली होती, त्यामुळं उघडून बघण्यात गमावण्यासारखं काही नव्हतं.

आधी हेड काम कसं करतं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय हात लावण्यात अर्थ नाही. कागदावर शाई फेकायच्या दोन रीती आहेत. एचपी आणि कॅननच्या यंत्रांत प्रत्येक छिद्रामागं अतिशय बारीक हीटर असतो. तो क्षणात शाई उकळवतो, बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर ढकलला जातो. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेलं सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागलं, सुईतून शाई उडाली, आणि त्यावरून ही रीत सुचली. दुसरी रीत पिझोची, आणि माझा प्रिंटर त्या जातीचा. १८८० मध्ये पिअर आणि जाक क्युरी या भावांनी दाखवून दिलं होतं की काही स्फटिकांवर दाब दिला की वीज तयार होते. स्वयंपाकघरातला टक्‌ टक्‌ करणारा गॅसचा लायटर याच तत्त्वावर ठिणगी पाडतो. हेडमध्ये हेच उलट्या दिशेनं होतं. वीज दिली की बारीक पट्टी वाकते आणि तिच्यापुढची शाई छिद्रातून बाहेर ढकलते.

माझ्या यंत्रात काळ्या रंगाची १८० छिद्रं आहेत आणि निळ्या, गुलाबी, पिवळ्याची प्रत्येकी ५९. लहानात लहान थेंब ३ पिकोलिटरचा. म्हणजे एक मिलिलिटर शाईत असे तेहतीस कोटी थेंब. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा थक्क झाले होते. दहा-बारा हजारांच्या यंत्रात, आपल्या टेबलावर, इतकं नाजूक काम चाललेलं असतं.

आता एवढ्या बारीक छिद्रातली शाई उघड्यावर राहिली तर वाळणारच. म्हणून काम नसेल तेव्हा हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन एका रबरी टोपीवर बसतं. टोपीच्या कडा हेडच्या तळाला घट्ट टेकतात, आत ओलावा टिकतो, छिद्रं ओली राहतात. प्रिंटर त्याच्या बटणानं बंद केला की आधी हेड टोपीवर जातं आणि मग दिवा विझतो. पण मधेच लाइन गेली तर हेड जिथं असेल तिथंच राहतं, तोंड उघडं टाकून. पुस्तिकेत लिहिलंय की हे यंत्र १० ते ३५ अंश तापमानात आणि २० ते ८० टक्के आर्द्रतेत वापरावं. आमच्याकडं मे महिन्यात बाहेर पारा ४५ वर असतो, पंखा-कूलर बंद असले की खोलीतही पस्तीसच्या खाली काही येत नाही, आणि दुपारची हवा इतकी कोरडी की धुतलेली चादर दोरीवर टाकून मागं वळेपर्यंत सुकते. त्या हवेत, त्या उकाड्यात, लाइन येईपर्यंत माझं हेड उघडं होतं. शाई वाळली नसती तरच नवल.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूनं होती. शाई दोन प्रकारची असते. पिगमेंटमध्ये रंगाचे घन कण पाण्यात तरंगत असतात, ते एकदा वाळले की चिवट होतात. डायमध्ये रंग पाण्यात विरघळलेला असतो, त्यामुळं वाळला तरी पाण्यानं पुन्हा सुटू शकतो. माझ्या चारही बाटल्या डायच्या.

सुरुवात यंत्राच्या स्वतःच्या हेड क्लीनिंगनं केली. त्यात टोपीखालचा पंप छिद्रांतून शाई ओढून काढतो आणि मग रबराची पट्टी हेडचा तळ पुसते. गुलाबी आणि पिवळा पहिल्या फेरीतच सुधारले. काळा अडून बसला. इथं माणसाचा हात पुन्हा पुन्हा त्याच बटणाकडं जातो, पण ते टाळायला हवं. प्रत्येक क्लीनिंगची शाई तळाशी असलेल्या फोमच्या गादीत जाते. यंत्र त्याची मोजदाद ठेवतं आणि गादी भरल्याचा आकडा गाठला की छापायचंच थांबतं. शाई वाया जाते ती वेगळीच. माझ्या पुस्तिकेप्रमाणं तीन वेळा क्लीनिंग करून फरक पडला नाही, तर किमान १२ तास यंत्राला हात लावू नये. तेवढ्यात आत शिरलेले हवेचे बुडबुडे विरतात, वाळलेली शाई ओल धरते. मी रात्रभर थांबले.

सकाळी नोझल चेकचे सगळे कागद जमिनीवर ओळीनं मांडले, आणि खरा उलगडा तिथं झाला. नोझल चेकमध्ये प्रत्येक छिद्राची एक छोटी आडवी रेघ पायऱ्या-पायऱ्यांनी छापली जाते. नुसता एक कागद बघितला तर एवढंच कळतं की रेघा तुटल्यात. कागद शेजारी शेजारी ठेवले तर त्या कुठं तुटल्यात ते दिसतं. काळ्याच्या मधल्या भागातल्या काही रेघा प्रत्येक कागदावर त्याच जागी गायब होत्या. पण कडेच्या काही रेघा एका कागदावर होत्या, दुसऱ्यावर नव्हत्या, तिसऱ्यावर पुन्हा आल्या होत्या आणि त्यांच्या शेजारच्या गेल्या होत्या. रेघ दर वेळी त्याच जागी गायब असेल तर तिथं शाई वाळलेली आहे. जागा बदलत असेल तर छिद्र मोकळं आहे, आत हवा शिरते आहे. माझ्याकडं दोन्ही होतं. आणि हवा शिरत होती म्हणजे हेडपेक्षा टोपीकडं बघायला हवं होतं. टोपी नीट टेकत नसेल तर पंप शाईऐवजी बाजूची हवा ओढतो, मग कितीही क्लीनिंग करा.

टोपीपर्यंत पोचायचं तर हेड बाजूला व्हायला हवं. बटणानं बंद केलं की ते टोपीवरच कुलूपबंद बसतं. म्हणून एक प्रिंट सुरू केली आणि हेड मधोमध आलं तसा प्लग काढला. आता ते हातानं अलगद सरकतं. जोर लावायचा नाही, आणि बाजूची पारदर्शक पट्टी दिसते तिला बोटही लावायचं नाही. त्या पट्टीवरच्या बारीक रेघा वाचून हेडला आपण कुठं आहोत ते कळतं. बोटाचं तेल लागलं तर नवीन दुखणं.

पाण्याचाही विचार करावा लागला. आमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला. बोअरचं पाणी भांड्यात उकळलं तरी तळाला पांढरा थर बसतो. तेच पाणी छिद्रात घातलं तर शाई निघेल आणि क्षार बसतील. म्हणून बॅटरीच्या दुकानातून इन्व्हर्टरमध्ये घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं. काच पुसायचं निळं पाणी, स्पिरिट, थिनर असलं काही वापरलं नाही. पुस्तिका अल्कोहोल आणि थिनरला स्पष्ट नाही म्हणते, आणि डायच्या शाईला त्यांची गरजही नाही.

सिरिंजनं टोपीत काठोकाठ पाणी भरलं, प्लग लावला आणि एक क्लीनिंग दिलं. पाणी ओढलं गेलं. म्हणजे पंप शाबूत, खालची नळीही मोकळी. उरली ती टोपीची कड. पुन्हा हेड बाजूला केलं, मोबाइलचा टॉर्च लावला आणि सासऱ्यांचं पोथी वाचायचं भिंग घेऊन कडेवरून हळूहळू नजर फिरवली. मागच्या कोपऱ्यात रबरावर एक काळी, ताठ रेघ दिसली. चिमट्यानं धरून ओढली तर ती अख्खी उचलून आली. कापसाचा तंतू होता. शाई पिऊन, वाळून, तारेसारखा कडक झालेला. त्याच्या दोन्ही बाजूंना रबर आणि हेड यांच्यात केसभर फट राहत असणार, आणि पंपाला हवा ओढायला तेवढी पुरते.

तंतू आला कुठून हे विचारायची गरजच नव्हती. भाव वाढेल म्हणून ठेवलेला कापूस मागच्या खोलीत छताला टेकला होता. ज्या घरात कापूस भरलेला असतो तिथं अंगाला खाज सुटते, डोळे चुरचुरतात, हे आमच्याकडच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. तोच बारीक कापूस हवेतून सगळीकडं जाऊन बसतो. प्रिंटरमध्ये जाणार नाही असं कसं होईल? दुरुस्तीच्या सल्ल्यांमध्ये हे कुठं वाचायला मिळत नाही, कारण ते सल्ले देणाऱ्यांच्या घरात कापूस नसतो. आपल्या भागातल्या लोकांनी तरी हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

टोपीची कड आणि पुसणारी रबरी पट्टी दोन्ही ओल्या फडक्यानं साफ केल्या. इथं सुती फडकं नको, त्याचे तंतू पुन्हा तिथंच चिकटतात. कान साफ करायच्या काड्यांनाही कापूसच असतो. मी जुन्या टेरिकॉटच्या शर्टाची पट्टी कापून चिमट्याला गुंडाळली. कडेवर वाळलेल्या शाईचा दाणेदार थर होता, तो ओला करून, थांबून, मगच पुसला. नखानं खरवडलं तर रबराला चीर पडते.

मग टोपीत पुन्हा कोमट डिस्टिल्ड पाणी भरलं, हेड त्यावर बसवलं आणि रात्रभर तसंच राहू दिलं. उकळतं पाणी कधीच नाही. हेडचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटू शकतात.

दुसऱ्या दिवशीच्या नोझल चेकमध्ये जागा बदलणाऱ्या रेघा सगळ्या भरून आल्या होत्या. काळ्याच्या मधल्या मात्र तशाच. आता सिरिंजचं काम होतं. या प्रकारच्या प्रिंटरमध्ये टाकीतून आलेल्या नळ्या हेडच्या वर प्लास्टिकच्या छोट्या डब्यांना जोडलेल्या असतात, त्यांना डॅम्पर म्हणतात. डॅम्पर काढला की खाली शाई आत जाण्याची बोंडी दिसते. मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज आणि सलाइनचा सेट आणला, नळीचा बोटभर तुकडा कापून गरम पाण्यात मऊ केला आणि बोंडीवर बसवला. हेडखाली टेरिकॉटच्या घड्या ठेवल्या. हेडला जोडलेल्या चपट्या पांढऱ्या केबलवर प्लास्टिकची पिशवी झाकली. सगळ्यात मोठा धोका त्या केबलचा आहे. पाण्याचा एक थेंब तिच्या टोकाशी शिरला आणि तसाच करंट दिला, तर हेडबरोबर मुख्य सर्किटही जाऊ शकतं.

सिरिंजचा दट्ट्या एका बोटानं दाबला. हलला नाही. दाब वाढवावासा वाटतो, तिथंच थांबायचं असतं, कारण जास्त दाबानं आतला पातळ पडदा फाटतो. मी थोडं दाबायचं, सोडायचं, थोडं मागं ओढायचं, असं करत राहिले. पाणी आत जाऊन मुरू द्यायचं आणि परत यायचं. मध्ये कुणीतरी जातीच्या दाखल्याचं विचारायला आलं, त्यांना बसवून पाणी दिलं आणि पुन्हा खाली वाकले. एका क्षणी दट्ट्या बोटाखाली जरासा सरकला. मग मात्र तो सावकाश, अगदी एकसारखा खाली जाऊ लागला. हेड सरकवून खालची घडी काढली. पांढऱ्या टेरिकॉटवर एक काळी उभी रेघ उमटली होती, सुरुवातीला दोन ठिकाणी तुटलेली. नवी घडी ठेवून पुन्हा दाबलं, तेव्हा रेघ सलग आली. एकशे ऐंशी छिद्रांची ती एक रेघ! मी ती घडी हातात धरून सगळ्यांना दाखवत फिरले.

"झालं का वं?" सासऱ्यांनी विचारलं.

"झालं, मामाजी. आता वाळू द्यायचं."

सगळं पुसून, केबलच्या टोकाशी ओल नाही ना हे भिंगानं बघून, डॅम्पर परत बसवला आणि दुपारभर उघड्यावर ठेवून मगच प्लग लावला. डॅम्पर काढल्यावर नळीत हवा शिरते, म्हणून एक क्लीनिंग द्यावंच लागतं. पहिला कागद फिका आला, कारण हेडमध्ये अजून पाणीच होतं. त्यानंतरचा काळाकुट्ट. काकाजींचा सातबारा काढला, पडताळणी क्रमांकाचा आकडा न आकडा वाचून बघितला आणि कागद त्यांच्या घरी पाठवून दिला. मधल्या भागातली एक रेघ आजही येत नाही. अक्षरांत ती कळत नाही, फोटोत गडद रंगाकडं निरखून बघितलं तर जाणवते. तिच्यासाठी पुन्हा सिरिंज लावणार नाही.

त्यानंतर घरात दोन-तीन गोष्टी बदलल्या. प्रिंटर आता कॉम्प्युटरच्या यूपीएसवर आहे. लेझर प्रिंटर यूपीएसला लावू नये, तो तापताना शेकडो वॅट ओढतो. माझ्यासारखा शाई फेकणारा इंकजेट छापताना बारा वॅटच्या आसपास घेतो, यूपीएसला त्याचं ओझं नाही. लाइन गेली की हातातला कागद पूर्ण होऊ द्यायचा, बटण दाबायचं, हेड टोपीवर बसल्याचा आवाज ऐकायचा. भिंतीवरचं बटण थेट बंद करायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगितलंय. काम नसलं तरी आठवड्यातून एकदोनदा चारही रंगांची लहानशी पट्टी छापते. कूलरच्या झोतासमोरून प्रिंटर हलवला आणि त्याच्यावर दाट विणीचं टेरिकॉटचं झाकण शिवलं. कापूस मागच्या खोलीतच आहे, भाव काही अजून हलला नाही, पण मधल्या दाराला आता पडदा आहे.

कुणाकडे हीटरच्या जातीचा प्रिंटर असेल तर वाट जरा वेगळी आहे. त्यांतल्या पुष्कळ यंत्रांत हेड कार्ट्रिजलाच, म्हणजे शाईच्या डबीलाच असतं. ते बाहेर काढून, तळ कोमट डिस्टिल्ड पाण्यात जेमतेम बुडेल असं बशीत ठेवता येतं. तांब्याचे ठिपके असलेली बाजू कोरडी ठेवायची. नंतर टेरिकॉटवर टेकवून बघायचं, रंग उमटला की बसवायचं. आणि दोन्ही प्रकारांत, सिरिंजचं पाणी सरळ पार जात असेल, टोपीची कड स्वच्छ असेल, तरी एखादा रंग अजिबातच येत नसेल, तर तिथं शाईचा प्रश्न उरलेला नाही. बहुधा हेडची वीज गेलेली आहे. तेव्हा मात्र दुरुस्तीवाल्याचं ऐकावं आणि हेड बदलावं.